उलंगवाडीनंतर चंद्रशिला

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की मे महिन्यात घरची आणि शेजारची मिळून आठ माणसं घेऊन उत्तराखंडातल्या तुंगनाथाच्या मंदिराला जायचं आणि तिथून चंद्रशिलेच्या शिखरावर, हा बेत चांगला आहे. वयानं सगळ्यांत लहान तू असलीस तरी तिकिटं, नकाशे, फोन तुझ्याच हातात राहणार, म्हणजे कुठं थांबायचं आणि कधी मागं फिरायचं हेही तुलाच सांगावं लागेल. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडी जिथवर जाते त्या चोपत्यापासून तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर आणि तिथून शिखर आणखी दीड. पाच किलोमीटर ऐकलं की आपल्याकडचा कास्तकार म्हणतो, एवढं तर मी रोज वावरात जाऊन येतो. पायांच्या बाबतीत ते खरंही आहे, पण अडचण येते ती श्वासाची. आपलं गाव समुद्रसपाटीपासून तीनशे-साडेतीनशे मीटरवर, चोपता साधारण 2,700 वर. शिखराची उंची बऱ्याच ठिकाणी 4,000 मीटर लिहिलेली सापडते, जीपीएसवर ती 3,700 च्या आसपास भरते. एवढ्या उंचीवरही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 64 टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात हवाच कमी येते. शरीर हे सावरून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात.

हे दिवस प्रवासाच्या आखणीतच मिळतात. टूरवाला एक मुक्काम वाचवायला हरिद्वारहून निघून रात्रीपर्यंत थेट चोपत्याला पोचवतो म्हणेल. त्याला नाही म्हण. पहिली रात्र ऋषिकेशला. दुसऱ्या दिवशी देवप्रयाग, रुद्रप्रयाग करत उखीमठ, तिथली उंची सुमारे 1,300 मीटर, मुक्काम तिथंच. तिसऱ्या दिवशी सारी गावातून देवरिया तालापर्यंत चढून यायचं. तलाव 2,400 मीटरच्या आसपास आहे, चढ अडीच-तीन किलोमीटरचा. वर तासभर बसा आणि झोपायला खाली सारीत या. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपणं हीच शरीराची खरी तयारी. चौथी रात्र चोपता आणि पाचव्या दिवशी शिखर. सूर्योदयासाठी तुंगनाथालाच रात्र काढू असं कोणी म्हटलं तर ऐकू नको. पहिल्यांदाच उंचीवर आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास झोपेतच होतो.

आता एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही, पण आपल्याला सांगायलाच हवी. आपल्या विदर्भात सिकलसेल, हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. निघण्याच्या महिनाभर आधी आठही जणांची तपासणी ग्रामीण रुग्णालयात करून घे. पहिल्या सोल्युबिलिटी चाचणीत काही निघालं, तर माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या पुढच्या रक्ततपासणीनं ठरतं. ऑक्सिजन कमी पडला की अशा रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला चंद्रशिलेवर न्यायचं नाही, यात तडजोड नाही. वाहकाला गावात आयुष्यभर काहीच त्रास नसतो, पण उंचीवर कधीकधी त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. त्याला डॉक्टरांना विचारूनच ने, आणि डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर ती पोटदुखी समजून ओवा देत बसू नको. ताबडतोब खाली उतरव आणि दवाखाना गाठ. त्याच दिवशी सगळ्यांचं हिमोग्लोबिनही पाहून घे. बायांमध्ये ते नऊ-दहा निघणं आपल्याकडे नवं नाही, आणि कमी हिमोग्लोबिनवर कमी दाबाची हवा म्हणजे दुहेरी मार. महिनाभरात गोळ्यांनी बराच फरक पडतो, म्हणून तर महिना आधी.

सरावाला डोंगर नाही म्हणून अडू नको. गावच्या तलावाची पाळ आहे. तिची उभी उंची दहा मीटर धरली तर शंभर वेळा चढल्यावर चोपता ते शिखर एवढी चढाई होते. पहाटे पाचला, ऊन तापायच्या आत, पाठीवर चार-पाच किलोचं ओझं घेऊन दहा फेऱ्यांपासून सुरू करा आणि सहा आठवड्यांत चाळीसपर्यंत न्या. चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष द्या. गुडघे उतरताना बोलतात, आणि मांडीचे स्नायू उतरण्यानंच पक्के होतात. मधल्या एका रविवारी नरनाळा किंवा गाविलगड किल्ला सगळ्यांनी मिळून करा. कोण किती दमतं, कोण कबूल करत नाही, हे तुला तिथंच कळेल.

कपड्यांचं ऐकून तुझ्या बाबांना वाईट वाटेल. आपण पऱ्हाटीच्या मुलखातले, पण डोंगरावर अंगालगत सुती नको. कापसाचा धागा पाणी पितो आणि धरून ठेवतो. वावरात तेच सुख, घामानं भिजलेला सदरा वाऱ्यावर गार लागतो. तिथं तोच गारवा अंगातली ऊब ओढून घेतो. चढताना बनियन ओलं होतं आणि शिखरावर वाऱ्यात उभं राहिलं की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. अंगालगत खेळाडू घालतात तसं पॉलिस्टरचं टीशर्ट, त्यावर लोकरीचं स्वेटर, वरून वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. उंची हजार मीटर वाढली की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. गावात 44 असताना तिथं पहाटे शून्याच्या जवळपास असू शकतं. कानटोपी, हातमोजे आणि एक कोरडं टीशर्ट पिशवीत. सुती दुपट्टा गळ्यात राहू दे, उन्हाला तो चांगला.

बूट महिनाभर आधी घे आणि पाळीवर तेच घालून चढ. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण उतरताना पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. आदल्या रात्री नखं काप, उतरायच्या आधी नाडी पुन्हा घट्ट बांध. तुंगनाथापर्यंतची वाट दगडी फरसबंदीची आहे, ओली झाली की गुळगुळीत होते. पुढचा दीड किलोमीटर उभा आणि सुट्या दगडांचा. मेच्या सुरुवातीला तिथं सावलीत बर्फाचे पट्टे राहिलेले असतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातात काठी हवीच. घोडं तुंगनाथापर्यंत मिळतं, पुढे नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तुंगनाथाचं दर्शन घेऊन तिथंच थांबावं, हे गावातूनच ठरवून निघा. ऐन चढावर असा निर्णय झाला की माणूस दुखावतो.

शिखराच्या दिवशी पहाटे पाचला निघा. अकराच्या आत मागं फिरायचं, शिखरावर पोचलो असू किंवा नसू. दुपारी ढग वर चढतात आणि मेमध्ये विजाही होतात. आपल्याकडे दरवर्षी वावरात वीज पडून माणसं जातात, त्यामुळे तिचा धाक तुला समजावायला नको. चंद्रशिला उघडीबोडकी आहे, माथ्यावर छोटं मंदिर आणि बाकी नुसते दगड. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर आलं की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या वेळी फोटो राहिले तरी चालतील, उतरा.

चाल अशी की चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी. सगळ्यांत हळू चालणारा पुढे ठेव, तू शेवटी राहा. तुंगनाथाला दोन तासही लागतील, चारही लागतील. दिवसभरात माणशी तीन लिटर पाणी, तहान नसली तरी घोट घोट. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. गूळ-फुटाणे आणि शेंगदाण्याची चिक्की खिशात ठेव. उंचीवर भूक मरते, पण गोड जातं. पाणी वर 88 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-भात कच्चा राहतो. जेवण चोपत्याला उतरूनच करा.

आता त्रासाची ओळख. डोकेदुखीबरोबर मळमळ, गळाठा किंवा चक्कर आली की ती उंची लागली असंच समज, ऊन लागलं असं नाही. अशा माणसाला आणखी वर न्यायचं नाही. अर्धा तास बसवून, पाणी पाजून, पॅरासिटामॉल देऊन पाहा. उतार पडला नाही तर खाली. शंका आली की त्याला एका सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालव. तोल गेला तर मेंदूला सूज येत असू शकते. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात गुलाबी फेस येत असेल, तर फुफ्फुसांत पाणी भरतंय. दोन्हींत वाट पाहायची नाही, सोबत दोन माणसं देऊन चोपता आणि तिथून गाडीनं उखीमठ. खाली उतरणं हाच मुख्य इलाज. त्या मानानं हा डोंगर दयाळू आहे, दोन-तीन तासांत हजार मीटर उतरता येतं. ऑक्सिमीटर नेणार असशील तर लक्षात ठेव, वर निरोगी माणसाच्याही रक्तातला ऑक्सिजन 85 ते 90 टक्के दाखवतं आणि गार बोटावर चुकतं. बोट चोळून गरम करून लाव, आणि आकड्याआधी माणसाकडे बघ.

उंची लागू नये म्हणून डायमॉक्स गोळीचं कोणी सुचवेल. साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्याला ती चालत नाही आणि बीपीची लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नये. दारू आणि झोपेची गोळी मात्र कोणीही घ्यायची नाही. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

किरकोळ, पण राहून जातं ते: फोन आणि पॉवरबँक आतल्या खिशात, थंडीत बॅटरी झरझर उतरते. चोपत्याला विजेचा आणि नेटवर्कचा भरवसा नाही, रोख पैसे जवळ ठेव. बर्फावरून ऊन उलटून येतं म्हणून क्रीम हनुवटीखाली आणि नाकाखालीही लाव, गॉगल सगळ्यांना. हिरव्या बुग्यालवरून, म्हणजे डोंगरावरच्या कुरणातून, आडवाट काढू नका. ते गवत वर्षातले थोडेच महिने वाढतं, पायवाट पडली की माती वाहून जाते. चिक्कीचे कागद पिशवीतच परत. हवा स्वच्छ असेल तर चौखंबा आणि नंदादेवी दोन्ही दिसतील, त्यासाठी पंधरा मिनिटं नक्की राखून ठेव.

तपासणीचे कागद आले की फोटो पाठव, आठही जणांचे. कोणाचं काय चालू आहे त्या गोळ्यांची नावंही लिही. मग गाडीवाल्याशी मुक्काम पक्के करू, त्याआधी त्याला इसार देऊ नको.

आई-बाबांना नमस्कार.