‘धोंडो’ हे नाव आले कुठून?

प्रश्न : नातवाच्या बारशाच्या निमित्ताने आम्ही घराण्याची वंशावळ काढली, तेव्हा पाच पिढ्यांत ‘धोंडो’ हे नाव दोनदा आलेले दिसले. तरुण मंडळींना हसू आवरेना. माझे काका म्हणतात की हे गणपतीचे नाव आहे. आत्याच्या मते धोंडो म्हणजे दगड, दुसरे काही नाही. खरे काय? आणि एके काळी इतके रुळलेले नाव आज दिसेनासे का झाले? — एक वाचक, सातारा

उत्तर : काका आणि आत्या दोघेही बरोबर आहेत. मात्र दोघांपैकी कोणाचे म्हणणे तुमच्या पूर्वजांना लागू पडते, हे नुसत्या नावावरून सांगता येणार नाही, कारण वेगवेगळ्या उगमांची दोन नावे मराठीत येऊन ‘धोंडो’ या एकाच रूपात मिसळली आहेत.

आत्यांनी सांगितलेला उगम उघड आहे. ज्या घरात मुले जन्मून दगावत, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही असे नाव ठेवले जाई. दृष्ट लागते ती चांगल्या वस्तूला. दगडाला, केराला किंवा भिकेला कोण कशाला दृष्ट लावील, हा त्यामागचा हिशेब. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू, भिकाजी ही सारी नावे या एकाच भीतीतून जन्मली आहेत, आणि ही भीती काही एकट्या मराठी मुलखाची नव्हती. तमिळमधील पिच्चै म्हणजे भिक्षा आणि कुप्पुस्वामीतील कुप्पै म्हणजे केरकचरा. बंगालीत तर तीन कवड्यांना विकत घेतलेला तो तिनकडी. धोंडो या नावात मात्र दृष्ट टाळण्यापलीकडचा आणखी एक विचार दिसतो, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. केर वाऱ्याने उडून जातो, धोंडा जागचा हलत नाही. हे मूल तरी धोंड्यासारखे टिको, असे आईबापांनी एका शब्दात मागितलेले ते मागणे आहे. शिवाय आपल्याकडे धोंडा हा केवळ तुच्छ पदार्थ कधीच नव्हता. गावोगावच्या देवळांत आणि झाडांखाली न घडवलेला, शेंदूर फासलेला दगड देव म्हणून पुजला जातो आणि त्याला ‘तांदळा’ असा स्वतंत्र शब्दही आहे. तेव्हा ज्यांना ‘धोंडो’ ऐकून हसू येते, त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे हात जोडताना त्यातला ‘दगडू’ आपल्याला कसा खटकत नाही, याचा एकदा विचार करावा.

काकांचा गणपती काशीचा आहे. काशीविश्वनाथाच्या मंदिराजवळ ढुंढिराज विनायकाचे स्थान आहे, आणि स्कंदपुराणाच्या काशीखंडात या नावाची फोड ‘ढुंढ्’ म्हणजे शोधणे या धातूवरून केलेली आहे. भक्ताला हवे ते शोधून देणारा तो ढुंढि. आपण वस्तू ‘धुंडाळतो’ तो शब्दही याच कुळातला. मराठीत ‘ढ’चा ‘ध’ होऊन धुंडिराज हे नाव रूढ झाले, आणि त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके, अर्थात धुंडिराज गोविंद फाळके. याच नावाचे ‘धोंडिराज’ असेही लेखन आढळते, आणि दोन्ही नावे एकमेकांत कशी शिरली ते इथेच दिसते. पाळण्यात ठेवलेले भारदस्त नाव घरात कोणी रोज उच्चारत नाही; धुंडिराजाचा धोंडू व्हायला फारसा वेळ लागत नाही, आणि एकदा धोंडू झाला की तो दगडाचा की गणपतीचा हे शेजाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

धोंडूचा धोंडो होणे हीदेखील मराठीची जुनी सवय आहे. मोरेश्वराचा मोरो, नारायणाचा नारो, रघुनाथाचा राघो, तसाच हा ओकारान्त धोंडो. पुढे माणसाच्या वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे नावाला शेपूट जोडले जाई: ब्राह्मण कारकुनाच्या घरी धोंडोपंत, शेतकऱ्याच्या घरी धोंडिबा, शिलेदाराच्या घरी धोंडजी, घरातल्या मोठ्यांच्या तोंडी धोंडू आणि रागावल्यावर सर्वत्र धोंड्या. स्त्रियांतही हे नाव होते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी 2014 सालापर्यंत आपल्यात होत्या.

आता प्रसाराविषयी. हे नाव कोणा एका जातीचे किंवा प्रांताचे नव्हते, आणि याचा सर्वांत सोपा पुरावा आपल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दोन अक्षरांत छापलेला आहे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे आणि रानातल्या कवितेचे कवी ना. धों. महानोर या दोघांच्या नावांतला ‘धों.’ म्हणजे धोंडो. एकाचे घराणे कोकणातील मुरुडचे चित्पावन, तर दुसऱ्याचे अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याचे शेतकरी. दोघांच्याही वडिलांचे नाव तेच. मराठी नावांत वडिलांचे नाव मध्ये येते, म्हणून पहिले नाव म्हणून मावळलेला धोंडो मधल्या आद्याक्षरात आणखी एक पिढी जगला. ‘धों.’ वाचताना आपण थांबतही नाही, हा भाग वेगळा.

सर्वांत प्रसिद्ध धोंडो अर्थातच महर्षी धोंडो केशव कर्वे. जन्म 18 एप्रिल 1858, मृत्यू 9 नोव्हेंबर 1962. म्हणजे 104 वर्षांचे आयुष्य. टिकाऊपणासाठी ठेवलेल्या नावाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याच घरात मिळते. या धोंडोंच्या मुलांची नावे रघुनाथ, शंकर, दिनकर आणि भास्कर अशी आहेत. त्यांत एकही दगडू नाही की भिकू नाही. सुशिक्षित घरांतून दृष्ट टाळणारी नावे त्या पिढीपासूनच मागे पडू लागली होती. मुख्य कारण मला वाटते ते असे की नावामागची भीतीच ओसरली. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात जन्मणाऱ्या दर 1000 बालकांपैकी सुमारे 200 बालके वर्षाची होण्याआधीच जात. आज महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी 20 च्या खाली आले आहे. लस, स्वच्छ पाणी आणि सुरक्षित बाळंतपण यांनी जे काम केले, त्यानंतर मुलाला धोंडा म्हणण्याची गरज उरली नाही. त्यात ‘दगड’ हा शब्द मठ्ठ मुलासाठी शाळेत सर्रास वापरला जाऊ लागला, आणि उरलीसुरली हौसही संपली.

इथे एक भेद मात्र नीट ध्यानात ठेवावा. नकुशी किंवा नकोशी ही नावे या गटात बसवू नयेत. धोंडो हे हव्या असलेल्या मुलाचे नाव आहे, तर नकुशी हे नको असलेल्या मुलीचे. 2011 साली तुमच्याच सातारा जिल्ह्यात अशा 200 हून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, ते योग्यच झाले.

तुमच्या वंशावळीतल्या पहिल्या धोंडोंविषयी निश्चित काही हवे असेल, तर वंशावळीत त्यांच्याआधी जन्मलेली भावंडे अल्पायुषी होती का ते पाहावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडील नामावळीत घराण्याची नोंद असल्यास तिथे नाव धुंडिराज आहे की धोंडू, हेही कळू शकेल. पाच पिढ्यांत नाव दोनदा आले आहे, ते बहुधा आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे. त्यामुळे दुसऱ्या धोंडोच्या वाट्याला दगड किंवा गणपती यांपैकी काहीही न येता नुसते आजोबाच आले असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : 1857 च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव हिंदी पुस्तकांत ‘धुंधूपंत’ असे वाचले. हे धोंडोच का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : होय, मराठीत ते धोंडोपंतच. इंग्रज अधिकारी या नावातील पहिल्या स्वरासाठी दोन ‘ओ’ लिहीत, आणि त्या जोडीचा उच्चार इंग्रजीत ‘ऊ’ होतो. कागदावरचा तो ‘धूंडू’ हिंदीत येताना ‘धुंधू’ झाला असावा. सन 1800 मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना मारला गेलेला धोंडजी वाघ याच्या नावाचेही इंग्रजी कागदांत असेच ‘धूंडिया’ झालेले आहे. मराठीत लिहिताना इंग्रजीवरून परत आलेली ही रूपे वापरू नयेत.

प्रश्न : अधिक महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडो म्हणत, असे आजी सांगत असे. हे खरे आहे का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, त्यामुळे त्यात जन्मलेल्या मुलाला हे नाव सहज सुचावे, आजींचे म्हणणे खोटे ठरवण्याचे कारण नाही. परंतु सगळे धोंडो या एका कारणाने झाले असे मानता येत नाही. सुमारे 19 वर्षांत, म्हणजे 235 चांद्र महिन्यांत, 7 अधिक महिने येतात. याचा अर्थ साधारण 33 मुलांमागे एखादेच मूल त्या महिन्यात जन्मते, आणि त्यातही निम्म्या मुली. नाव तर याहून कितीतरी अधिक पसरलेले होते. तुमच्या घरातील धोंडोची जन्मपत्रिका जपलेली असेल, तर तीत महिन्याचा उल्लेख असतोच. तो ‘अधिक’ आहे की ‘निज’ म्हणजे नेहमीचा, एवढे पाहिले की आजींच्या सांगण्याचा निकाल लागेल.