घरचा गहू पेरण्याआधी

प्रश्न : घरचा गहू बियाण्याला ठेवलाय. उगवण तपासली तर पीक कसं येईल ते कळेल का?

उत्तर : शेतात किती रोपं उभी राहतील याचा अंदाज येतो, उताऱ्याचा नाही. पोत्याच्या वरून, मधून, तळातून बी काढा आणि न निवडता 100 दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडून गुंडाळी सावलीत ठेवा. गोणपाट पिळून घ्या. पाणी ठिबकत राहिलं तर दाणे कुजतात आणि दोष उगाच बियाण्यावर येतो. चौथ्या आणि आठव्या दिवशी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच धरा. 85 हवेत. 70 आले तर हेक्टरी 100 किलोऐवजी साधारण 120 किलो पेरा. बहुतेक कोंब चौथ्या दिवसानंतर निघाले असतील, तर बियाण्यात जोम कमी. उशिराच्या थंडीतल्या पेरणीला ते नकोच.