सहा वेळा कोर्टात गेले, साक्ष एकदाही झाली नाही

यावेळी आलेली बहुतेक पत्रं फौजदारी कोर्टाच्या कामाबद्दल होती, त्यातली चार घेतलीयत. लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, आमच्या शेजारी २०१९ ला घरफोडी झाली, चोर पळताना मी बघितला म्हणून पोलिसांनी माझं नाव साक्षीदारात घातलं. आतापर्यंत सहा वेळा समन्स आलं आणि सहाही वेळा मी गेले. एकदा आरोपीचा वकील दुसऱ्या कोर्टात होता, एकदा जजसाहेब रजेवर, दोनदा मुद्देमालच आणला नव्हता, एकदा आरोपीला जेलमधून आणलं नाही आणि सहाव्या वेळी दुपारी चार वाजता सांगितलं की आज वेळ नाही. मी रोजंदारीवर जाते. माझे हे दिवस कुणी मोजतं का? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, नाही मोजत. आणि मला विचाराल तर आपल्या फौजदारी कोर्टांचं सगळ्यात मोठं दुखणं तुमच्या या शेवटच्या प्रश्नातच आहे. मी स्वतः अकरा वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे खटले चालवणारी सरकारी वकील होते, माझ्या समोरून तुमच्यासारखे शेकडो लोक परत गेलेत, त्यातल्या कित्येकांना 'पुढच्या तारखेला या' हे माझ्याच तोंडानं सांगितलंय, आणि त्याची लाज आजही वाटते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोर्टाच्या आकडेवारीत तुमची केस कशी दिसते ते बघा. 'प्रलंबित, टप्पा पुरावा', बस्स. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड म्हणून सरकारी वेबसाइट २०१५ पासून सगळ्यांना खुली आहे, त्यात कुठल्या जिल्ह्यात किती केस, किती वर्षं जुन्या, कुठल्या टप्प्यावर हे सगळं दिसतं, उशिराची कारणंसुद्धा टाकलेली असतात. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत मिळून ४ कोटींच्या वर केस पडून आहेत आणि त्यातल्या ३ कोटींहून जास्त फौजदारी आहेत हे तिथंच कळतं. पण समन्स काढून बोलावलेला साक्षीदार साक्ष न होता किती वेळा परत गेला, हा आकडा तुम्हाला तिथं मिळणार नाही. तो रोजनाम्यात असतो, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची जी नोंद होते तिच्यात, एका ओळीत, 'साक्षीदार हजर, वकिलांचा मुदतीचा अर्ज, मंजूर'. ती ओळ त्या फाइलच्या बाहेर कधी येत नाही.

आता तुमच्या सहा तारखा बघा. जज रजेवर ही एक आणि वेळ नाही ही दुसरी, या दोनच कोर्टाच्या बाजूच्या. मुद्देमाल आणायचं काम पोलिसांचं, आरोपीला आणायचं काम जेलचं आणि पोलीस गार्डचं, वकिलाचा प्रश्न तिसराच. म्हणजे चार-पाच खात्यांची माणसं एकाच दिवशी एकाच खोलीत यायला पाहिजेत तेव्हा तुमची साक्ष होणार, त्यातलं एक जरी आलं नाही की बाकी सगळ्यांचा दिवस गेला. आणि प्रत्येक खात्याच्या कागदावर आपलं आपलं काम बरोबर दिसतं, पोलिसांनी समन्स बजावलं, कोर्टानं तारीख दिली, अभियोक्ता हजर होता. दिवस मात्र फुकट गेला तो तुमचा.

एक प्रसंग सांगते. तालुका कोर्टातली चोरीची केस, भाजी विकणारे एक काका पंच होते. मुद्देमालाची कापडी पिशवी उघडली, लाखेचं सील तसंच होतं, आत पितळी समई, तिच्या लेबलवर काकांची सही. मी विचारलं ही सही तुमची का, म्हणाले हो माझीच. हा पंचनामा कुठं झाला, आठवत नाही. आरोपीनं काय सांगितलं, आठवत नाही. समई कुठून काढून दिली, त्यांनी माझ्याकडे अगदी कसनुसं बघितलं आणि म्हणाले बाई सात वर्षं झाली हो. मला त्यांना फितूर जाहीर करायची परवानगी मागावी लागली. फितूर! तो माणूस कुणाला विकला गेला नव्हता, त्याआधी चार वेळा येऊन तो परत गेला होता, आणि आम्ही त्याला वेळेत विचारलं नव्हतं. आरोपी सुटला. पंच फिरतात, नाहीतर आठवत नाही म्हणतात, म्हणून पुढे महाराष्ट्रात गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांनाच पंच घ्यायचा निर्णय झाला, तो चांगलाच आहे, पण सात वर्षांनी सरकारी कर्मचाऱ्यालाही आठवत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ (जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हेच ३०९ होतं) स्पष्ट सांगतं की साक्षीदार हजर असेल तर त्याची साक्ष घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाही, द्यायचीच असेल तर खास कारण लिहून द्यायची, आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे कारण चालत नाही. पुढच्या वेळी कोर्ट चालू व्हायच्या आधीच सरकारी वकिलांना भेटा, सातवी खेप आहे हे सांगा, हजेरी रोजनाम्यात घ्यायला लावा, आणि तरीही तारीख पडत असेल तर जजसाहेबांसमोर हात जोडून स्वतः बोला. साक्षीदाराला बोलायला बंदी नाही. साक्षीदार स्वतः बोलला की बरेच जज लगेच साक्ष घेतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. आणि भत्त्याचा अर्ज द्या, रक्कम तुटपुंजी असते, प्रवासाचीच कशीबशी निघते, पण अर्ज दिला की निदान कागदावर येतं की ही बाई आली होती.

प्रश्न : मी नागपूरला एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोषसिद्धीचा, म्हणजे शिक्षा होण्याचा दर वाढला की व्यवस्था सुधारली असं म्हणता येतं का? जपानमध्ये तो ९९ टक्के आहे असं वाचलं, मग आपण इतके मागे का?

उत्तर : आधी हा दर निघतो कसा ते बघ. एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्र सरकारची संस्था, काय करते, त्या वर्षात जितके खटले निकाली निघाले त्यांच्यातल्या कितीत शिक्षा झाली ते काढते. २०२२ साली आयपीसीच्या (तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या) गुन्ह्यांत देशाचा आकडा ५४.२ टक्के होता. आता तूच विचार कर, त्या वर्षी कोर्टात पडून राहिलेल्या केस या गणितात कुठं आहेत? नाहीतच. एखाद्या जिल्ह्यानं सोप्या शंभर केस चालवल्या आणि अवघड हजार तशाच ठेवल्या तरी त्याचा दर झकास दिसेल. त्यात परत जुगार, दारूबंदी, ट्रॅफिक अशा केसमध्ये आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि जातो, तीही कायद्यानं शिक्षाच. तो आकडा आणि खुनाच्या केसचा आकडा शेजारी ठेवून सरासरी काढली की काहीच कळत नाही. महाराष्ट्राचा आयपीसीचा दर २०१२ च्या सुमारास एक आकडी होता, तिथून तो बराच वर आलाय, ही खरोखर चांगली गोष्ट आहे आणि त्यामागे मेहनत आहे, पण तो आकडा वाचताना कुठल्या गुन्ह्यात वाढला हे विचारायचंच.

जपानचं म्हणशील तर तिथं केस कोर्टात न्यायची की नाही हे सरकारी वकील ठरवतो आणि शिक्षेची जवळजवळ खात्री असेल तरच नेतो, बाकीच्या आधीच गळतात. आरोपींवर कबुलीसाठी दबाव येतो अशी टीकाही त्यांच्यावर होते. म्हणून ९९ हे आपलं ध्येय असावं असं मला मुळीच वाटत नाही. पण चाळणी आधी लावायची हा भाग घेण्यासारखा आहे. आपल्याकडे चार्जशीट (आरोपपत्र) पोलीस दाखल करतात आणि ती दुबळी आहे हे सरकारी वकिलाला कळतं फाइल हातात पडल्यावर, तोवर उशीर झालेला असतो. इंग्लंडमध्ये १९८६ पासून क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस आहे, ते दोनच प्रश्न विचारतात, शिक्षा होण्याची वास्तव शक्यता आहे का आणि खटला चालवण्यात लोकांचं हित आहे का. आपल्या नव्या संहितेत कलम २० खाली अभियोग संचालनालयाच्या, म्हणजे सरकारी वकिलांच्या खात्याच्या अधिकाऱ्यांना पोलिसांचा अहवाल तपासायचं काम दिलंय, शिक्षा जितकी मोठी तितका वरचा अधिकारी. तपासणं म्हणजे मनापासून वाचणं झालं तर खूप फरक पडेल.

वेगाबद्दलही एक सांगते, कारण लोक हमखास कसाबचं उदाहरण देतात. हल्ला नोव्हेंबर २००८ चा, निकाल मे २०१० ला, आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांचे निकाल २००६ ला यायला लागले. बरोबर आहे, पण कसाबची केस चालली ती आर्थर रोड जेलमध्येच उभारलेल्या खास कोर्टात, रोज, त्याच एका कामासाठी. आणि दुसऱ्या बाजूला ७/११ चे, म्हणजे ११ जुलैचे, मुंबईच्या लोकल गाड्यांतले बॉम्बस्फोट बघ. २००६ चा गुन्हा, २०१५ ला १२ जण दोषी, आणि जुलै २०२५ ला हायकोर्टानं ते सगळे निर्दोष सोडले, सरकार त्यावर सुप्रीम कोर्टात गेलंय. १८९ माणसं गेली त्या स्फोटांत. त्यांच्या घरच्यांनी एकोणीस वर्षं वाट बघितली आणि आज त्यांच्या हातात काय आहे? २०१५ साली हीच केस 'शिक्षा झाली' या रकान्यात मोजली गेली होती. म्हणून अपिलात टिकलेली शिक्षा वेगळी मोजायला पाहिजे असं मी वर्गात शिकवताना दर वेळी सांगते.

सुटलेल्या केसमधून शिकायचं कसं तेही सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय. जानेवारी २०१४ चा गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई हा निकाल नक्की वाच. प्रत्येक निर्दोष मुक्ततेनंतर चूक तपासाची होती की खटला चालवण्याची हे पोलीस आणि अभियोक्त्यांच्या समितीनं शोधायचं, ते प्रशिक्षणात घालायचं आणि जबाबदारी ठरवायची असा आदेश आहे. पूर्ण अमलात आला तर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

प्रश्न : माझ्या भावाच्या अपघाताची केस कुठं अडकलीय ते घरबसल्या कसं बघायचं? (पनवेल)

उत्तर : ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, त्यात केसचा १६ अक्षरी-आकडी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाका, पुढची तारीख आणि मागच्या तारखांना काय झालं ते दिसेल. नंबर नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकूनही शोधता येतं. केस तपासावरच असेल तर नव्या संहितेप्रमाणे ९० दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं, ठाण्यात जाऊन तेवढं मागा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झालो, शेवटची सात वर्षं कोर्ट पैरवीला, म्हणजे पोलिसांच्या वतीनं कोर्टातली कामं बघायला होतो. कोणता साक्षीदार कधी आला, साक्ष झाली का, नाही झाली तर का, हे मी माझ्यापुरतं एका वहीत लिहून ठेवायचो. नव्या कायद्यात इतक्या मुदती घातल्यात, त्यानं काही होईल का? आणि सुधारायचं तर सुरुवात कुठून?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुदतींचं आधी बोलू. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू आहे, त्यात आरोपीवर दोषारोप ठेवणं ६० दिवसांत, युक्तिवाद संपल्यावर निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५, पुढे ढकलायच्या तारखा जास्तीत जास्त दोन, समन्स मोबाइलवरून, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले जागेवर. सगळं चांगलं आहे. पण रोज साक्षी घ्या हे जुन्या कायद्यातही होतंच की, तरी २०१५ साली विनोद कुमार विरुद्ध पंजाब या केसमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सरतपासणीनंतर (सरकारी वकिलानं साक्ष घेतल्यावर) २० महिन्यांनी उलटतपासणी (आरोपीच्या वकिलाचे प्रश्न) ठेवली म्हणून साक्षीदार फिरला. जज कमी आहेत हेही खरं, २००२ साली सुप्रीम कोर्टानं १० लाख लोकांमागे ५० जज म्हटलं होतं आणि आपण अजून २० च्या आसपासच आहोत. एका बोर्डावर, म्हणजे एका दिवसाच्या यादीत, सत्तर-ऐंशी केस लावल्या की कितीही चांगला जज असला तरी पुकारा करण्यातच दुपार होते. जजचं काम युनिटमध्ये, म्हणजे निकाली काढलेल्या केसच्या गुणांत मोजतात, तिथं जुन्या किचकट केसला पुरेसं वजन मिळालं नाही तर सोपी केस आधी संपवाविशी वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात जजला दोष देऊन उपयोग नाही.

सुरुवात कुठून म्हणाल तर तुमच्या वहीपासून. इंग्लंडमध्ये दर तिमाहीला आकडे छापतात, ट्रायल ठरलेल्या दिवशी झाली का, ऐनवेळी कबुलीमुळे संपली का, की काहीच न होता पुढे ढकलली आणि ढकलली तर कुणामुळे. तुम्ही हेच काम एकट्यानं, चाळीस पानी वहीत केलंत. आपल्याकडे प्रत्येक तालुका कोर्टात रोजनाम्यातली ती एक ओळ कॉम्प्युटरवर कारणासकट टाकली आणि महिन्याला जज, सरकारी वकील, ठाणेदार आणि जेलचा माणूस एकत्र बसून ती यादी वाचली, तर पहिल्या दोन महिन्यांतच कळेल की मुद्देमाल न आल्यामुळे किती दिवस गेले, सी.ए. रिपोर्टसाठी (प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणीच्या अहवालासाठी) किती, आणि कुठला साक्षीदार चौथ्यांदा येतोय. ज्याची चौथी खेप त्याची साक्ष बोर्डावर सगळ्यात वर, एवढा एकच नियम लावला तरी सोलापूरच्या त्या ताईंचे निदान दोन दिवस वाचले असते.

ती वही कुणाला देऊ नका आणि फेकू तर अजिबात नका. त्यातली साक्षीदारांची नावं खोडून नुसत्या तारखा आणि कारणं एका कागदावर काढता आली तर काढा, नाहीतर पुण्याकडे येणं झालं की वही घेऊन ऑफिसला या, दोघं बसून काढू.