सेंद्रिय बागेतल्या बाकावर निवांत बसता यावं म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची सेंद्रिय बाग छान दाट झाली आहे, मधोमध लाकडी बाक आहे, पण तिथे फार वेळ बसवत नाही. कधी ऊन येतं, कधी डास चावतात, बाकाचे पायही काळे पडू लागलेत. मग बाक बदलावा का?

बाक लगेच बदलू नका. अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा जागेत आणि बुडाशी असतं. आठवडाभर एक साधी, हलकी खुर्ची बागेत फिरवा. सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि सूर्यास्ताच्या आधी, अशा तीन वेळांना वेगवेगळ्या ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं बसून बघा. ऊन डोळ्यांवर येतं का, वारा कुठून येतो, कंपोस्टचा वास येतो का, हे बसल्याशिवाय कळत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते, त्यामुळे आज जिथे सावली आहे तिथे सहा महिन्यांनी असेलच असं नाही. पानगळ होणारं झाड असेल तर त्याच्या सावलीच्या कडेची जागा उत्तम. थंडीत ऊन मिळतं, उन्हाळ्यात सावली.

माझं स्पष्ट मत आहे की बाक बागेच्या मधोमध असूच नये. पाठ उघडी असली की माणूस सैलावत नाही. मागे भिंत, दाट झुडूप किंवा जाळीवर चढवलेला वेल हवा, आणि बाग समोर पसरलेली हवी. भिंतीपासून मात्र किमान 15 ते 20 सेंटीमीटर अंतर सोडा, नाहीतर मागच्या पट्ट्यांना वारा लागत नाही आणि ओल टिकून राहते.

बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 110 ते 120 सेंटीमीटरवर असतात. म्हणून समोरच्या पहिल्या दोन मीटरांत गुडघ्याएवढी झाडं, त्यामागे कमरेएवढी आणि सगळ्यात मागे उंच, अशी चढती रचना ठेवली की बसल्या जागेवरून सगळे वाफे दिसतात. बाकासमोर 75 ते 90 सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. आत्ताच्या आकारावर जाऊ नका, रोप पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर किती होईल ते धरून अंतर मोजा. गुलाब, लिंबू, बोगनवेल अशी काटेरी मंडळी दीड मीटर दूरच बरी. शक्य असेल तर सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन समोरच्या पानांच्या मागून येईल अशी दिशा निवडा, तुमच्या डोळ्यांवर मात्र सावली असू द्या. पानांतून गाळून आलेल्या उजेडात शिरा, भोकं, अळ्यांच्या सावल्या सगळं स्पष्ट दिसतं, आणि बाग सर्वांत देखणी दिसते तीही त्याच वेळी.

मोठ्या झाडाखाली बाक ठेवण्याचा मोह होतो. ठेवा, पण आधी वर बघा. वाळलेली फांदी असेल तर काढून टाका. बाक चिकट होत असेल तर वर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. या किडी गोड चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या बाकासाठी आलेल्या नसतात, म्हणून बाक पुसत बसण्याऐवजी वरची कीड आवरा. झाडाखाली सिमेंटचा ओटा मात्र करू नका. झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या 30 ते 45 सेंटीमीटर मातीतच असतात. खोदल्यावर ती तुटतात, झाकल्यावर गुदमरतात. तिथे पायांखाली सुट्या फरश्या पुरेत.

आता काळ्या पडलेल्या पायांकडे. एक टोकदार स्क्रूड्रायव्हर घेऊन पायाच्या तळाशी दाबा. टोक आत जात नसेल तर तो वरवरचा बुरशीचा किंवा लोखंडाचा डाग आहे. सागासारख्या लाकडात साधा लोखंडी स्क्रू ओला झाला की भोवती काळं पडतंच. साधं पाणी आणि मऊ ब्रश, रेषांच्या दिशेने घासा. जोराच्या फवाऱ्याचं मशीन वापरू नका, त्याने लाकडाचे मऊ तंतू उचकटतात आणि पुढे जास्त पाणी पितात. स्क्रू बदलताना स्टेनलेस स्टीलचे घ्या.

टोक सहज आत घुसत असेल तर ती कूज आहे. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिली की कुजवणारी बुरशी वाढू लागते, आणि पायाचा तळ म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं. मातीतलं पाणी तिथूनच वर चढतं. कुजलेला भाग चारही पायांचा सारखा कापा. कापलेला तळ वाळल्यावर पसरट डब्यात बोटभर जवसाचं तेल घेऊन त्यात पाय रात्रभर उभे ठेवा. मग बुडाची तयारी: दहा सेंटीमीटर खोल खणा, सहा-सात सेंटीमीटर खडी टाकून धुमसाने ठोका, वर प्रत्येक पायाखाली एक जाड दगडी फरशी. पाणसळ लावून चारही पाय एका पातळीत आणा. फरशीला मात्र मीटरमागे एखाद सेंटीमीटर उतार बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे पाणी पायाशी थांबणार नाही. कापल्यामुळे गेलेली उंची फरशीच्या जाडीने भरून काढा. बैठक जमिनीपासून 42 ते 45 सेंटीमीटर हवी. गुडघेदुखी असलेल्यांना 45 ते 48 आणि हाताला आधार देणारे हत्ते सोयीचे पडतात, उठताना फरक जाणवतो.

आच्छादनाचा पालापाचोळा बाकाच्या पायांपासून 15 सेंटीमीटर लांब ठेवा. पायाला टेकलेलं आच्छादन म्हणजे वाळवीला झाकलेला रस्ता. पाय उघडे असले की मातीच्या नळ्या वेळीच दिसतात. वाळवीवर उपाय म्हणून टाकणखाराचं (बोरॅक्सचं) पाणी लावण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, पण उघड्यावर ते पावसात धुऊन जातं आणि जास्त झालेलं बोरॉन झाडांना बाधतं.

तेल लावायचं तर पातळ हात द्या आणि वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. जाड थर चिकट राहतो, त्यावर धूळ बसते आणि दमट हवेत काळे ठिपके पडतात. बाजारात ‘उकळलेलं’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात बऱ्याचदा लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. भाजीच्या वाफ्याशेजारी मी कच्चं तेलच सुचवेन, ते वाळायला कित्येक दिवस लागले तरी. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला तेल नाही लावलं तरी चालतं, उन्हाने राखाडी होतं पण मजबुती जात नाही. रेल्वेचे जुने स्लीपर मात्र बाकासाठी वापरू नका, त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरलं जाणारं विषारी डांबरी तेल, मुरवलेलं असतं. बैठकीच्या पट्ट्यांत सहा ते दहा मिलिमीटर फट असेल तर पाणी आपसूक निथळतं.

डासांसाठी गवती चहा किंवा सिट्रोनेलाची कुंडी बाकाशेजारी ठेवून काही साधत नाही, कारण पान चुरडल्याशिवाय तेल फारसं बाहेर येत नाही. डास कुठे जन्मतात ते शोधा: कुंड्यांखालच्या ताटल्या, उघडी पडलेली बादली, पन्हाळीत साचलेला पाला. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणून साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओता. ताटली नुसती ओतून भागत नाही. दिवसा चावणाऱ्या एडिस डासाची अंडी काठाला चिकटून कोरडी तग धरतात, म्हणून काठ घासा. टाकीत किंवा कमळाच्या टबात गप्पी मासे सोडा. बाकाजवळच्या झुडपांची खालची 30 सेंटीमीटर पानं विरळ केली तर दिवसा डासांना दडायला दमट जागा उरत नाही. संध्याकाळी पाणी घालून लगेच तिथे बसायला गेलात तर डास गाठणारच. बाकाभोवतीच्या झाडांना सकाळी पाणी द्या. डास कमजोर उडणारा कीटक आहे, त्यामुळे ओसरीजवळ बाक असेल तर छोटा पंखाही पुष्कळ काम करतो.

सुवासाची झाडं अंतर मोजून लावा. मोगरा, जुई हाताशी चालतात. रातराणी चार-पाच मीटर लांब असू द्या. जवळून तिचा वास डोकं चढवतो आणि तिचे सगळेच भाग विषारी आहेत, लहान मुलं असतील तर नकोच. पुदिना कुंडीतच ठेवा, नाहीतर त्याचे धावरे वाफाभर पसरतील. तुळशीसारखी मंजिऱ्यांनी भरणारी झाडं हत्त्यापासून मीटरभर दूर असावीत. फुलांवर गुंतलेल्या मधमाशा त्रास देत नाहीत, पण हात नकळत त्यांच्यावर पडू नये.

कंपोस्टचा वास येत असेल तर ढीग हलवण्याआधी त्यात सुका पाला मिसळा. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट घनफळाचा सुका पाला नसला की हवा कोंडते आणि वास सुटतो.

सेंद्रिय बागेत अशा बाकाचा खरा उपयोग कीड वेळीच दिसण्यासाठी होतो. उभ्याने पानांचा वरचा भाग दिसतो, बसल्यावर खालचा, आणि मावा, पांढरी माशी, लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) यांचा मुक्काम बहुधा खालच्या बाजूलाच असतो. दहा मिनिटं हालचाल न करता बसलात की पक्षीही परत येतात आणि अळ्या टिपू लागतात. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर लगेच फवारणीकडे धावू नका. आधी पानाखाली पिवळ्या, उभ्या अंड्यांचे पुंजके किंवा काळ्या-नारिंगी, मगरीच्या आकाराच्या बारीक अळ्या आहेत का बघा. त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या, माव्याचा फडशा पाडणाऱ्या, आणि ओळखीअभावी पुष्कळ लोक त्यांनाच मारतात. पिठ्या ढेकणावर जगणाऱ्या एका भुंग्याची अळी तर हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच पांढरी दिसते, पण ती आकाराने मोठी असते आणि चपळ चालते.

मित्रकीटक दिसले तर चार-पाच दिवस थांबा. एकही दिसला नाही आणि शेंडे वाकडे होऊ लागले, तर पाण्याच्या जोरकस धारेने मावा पाडा. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रव साबण घालून सूर्य मावळल्यावर फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात, आणि दिवसा मधमाशाही फुलांवर असतात. फवारताना बाकावर जुनी चादर टाका, कारण त्या तेलाचे डाग आणि वास दोन्ही कोरड्या लाकडातून लवकर जात नाहीत.