'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या साइटवर जुनी पुस्तकं फुकट मिळतात, मग सचित्र व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी) साहित्याच्या वेगळ्या डिजिटल अभ्यास-आवृत्त्या कशाला?

नुसती गोष्ट वाचायची असेल तर गुटेनबर्गचा साधा मजकूर पुरे. पण त्या काळी चित्रं नुसती शोभेला नसत. लुईस कॅरॉलच्या 1871 च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये चित्रकार जॉन टेनिएलने पानाच्या एका बाजूला ॲलिस आरशात शिरताना दाखवली आणि त्याच पानाच्या मागे पलीकडे बाहेर पडताना. म्हणजे पान हाच आरसा! मजकुराच्या फाइलीत ही गंमत साफ उडते. चांगली आवृत्ती मूळ पानांचे फोटो, पाठभेद (मजकुरातले आवृत्तीगणिक फरक), शिवाय लाकडी ठसे कोरणाऱ्या डॅल्झिएल बंधूंसारख्या कारागिरांची नोंदही देते. सुरुवात अभ्यासक जेरोम मॅकगन यांच्या 'रोझेटी अर्काइव्ह'पासून करा. व्हिक्टोरियन काळातला दांते गॅब्रिएल रोझेटी कवीही होता आणि चित्रकारही, त्यामुळे तिथे दोन्ही एकत्र बघता येतं. साइट दिसायला जुनाट आहे, पण माल अस्सल.