आधी आवृत्ती, मग मॅन्युअल: स्विच-राउटरची कागदपत्रं शोधायची आणि वापरायची कशी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बुटीबोरीच्या कारखान्याचं नेटवर्क अचानक तुमच्याकडे आलं आणि आधीचा इंजिनिअर काहीच लिहून न ठेवता गेला. रॅकमध्ये सिस्कोचे कॅटॅलिस्ट ९३०० स्विच आहेत, लीज लाइनवर जुनिपरचा राउटर आहे, गोडाऊनकडे मायक्रोटिक आहे. कमांड शोधायला गेलं की ढीगभर पीडीएफ निघतात, आणि त्यातली कमांड टाकली की 'इनव्हॅलिड इनपुट'. वाचायचं काय आणि सुरुवात कुठून करायची?

पीडीएफ नंतर. आधी डब्यालाच विचारा, तू कोण आहेस. सिस्कोवर 'शो व्हर्जन' आणि 'शो इन्व्हेंटरी', जुनिपरवर 'शो व्हर्जन' आणि 'शो चासिस हार्डवेअर', मायक्रोटिकवर 'सिस्टम रिसोर्स प्रिंट' आणि 'सिस्टम राउटरबोर्ड प्रिंट'. जे येईल ते एका शीटमध्ये उतरवा: मॉडेलचा पूर्ण क्रमांक, सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती, लायसन्स. आवृत्तीचं शेवटचं अक्षरसुद्धा सोडू नका. आयओएस एक्सई या सिस्कोच्या सॉफ्टवेअरच्या १७.९.४ आणि १७.९.४ए मध्ये केवढा फरक आहे ते पुढे सांगतो. लायसन्स यासाठी, की ९३०० वर बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवायचा प्रोटोकॉल) चालवायचं तर नेटवर्क अॅडव्हान्टेज लागतं. नेटवर्क इसेन्शियल्स असेल तर तुम्ही कितीही गाइड चाळा, तुमच्याकडे ते फीचर नाही. 'कमांडच चालत नाही' या तक्रारींपैकी पुष्कळशा इथेच संपतात: गाइड दुसऱ्या मॉडेलचं, दुसऱ्या आवृत्तीचं, नाहीतर दुसऱ्या लायसन्सचं.

आवृत्तीचा आकडा वाचता आला पाहिजे. आयओएस एक्सई १७ मध्ये साधारण दर तिसरी आवृत्ती जास्त काळ सपोर्ट मिळणारी असते: १७.३, १७.६, १७.९, १७.१२. कारखान्यात याच लावाव्यात, मधल्या आवृत्त्यांच्या मागे लागू नये. पानांवर आवृत्तीसोबत गावाचं नाव दिसेल, १७.४ ते १७.६ ला बेंगळुरू, १७.७ ते १७.९ ला क्युपर्टिनो. त्यामुळे गोंधळू नका, शोध आकड्यानेच घ्या. जुनिपरच्या जुनॉस सॉफ्टवेअरमध्ये २१.४ म्हणजे २०२१ सालची चौथी तिमाही. पुढे 'आर' लागून येणारा आकडा मेंटेनन्स रिलीजचा आणि 'एस'चा आकडा सर्व्हिस रिलीजचा.

आता कागद. प्रत्येक कंपनीकडे एकाच उपकरणासाठी वेगवेगळ्या कामाची कागदपत्रं असतात, आणि एका प्रकारात दुसऱ्याचं उत्तर शोधलं की वेळ जातो. कॉन्फिगरेशन गाइड एखादं फीचर कसं उभं करायचं ते सांगतं. सगळे थेट उदाहरणावर उडी मारतात. मी म्हणेन, प्रकरणाच्या सुरुवातीचे 'प्रीरिक्विझिट्स' आणि 'रिस्ट्रिक्शन्स' हे दोन भाग आधी वाचा, उदाहरण शेवटी. हे फीचर अमुक प्रकारच्या पोर्टवर चालत नाही, तमुक फीचरसोबत चालत नाही, हे तिथेच लिहिलेलं असतं. बाकी कुठेही सापडत नाही.

कमांड रेफरन्स लोक कंटाळवाणा समजून बाजूला ठेवतात, पण माझा भरवसा सर्वांत जास्त त्याच्यावर आहे. प्रत्येक कमांडखाली तिचा डिफॉल्ट, ती कुठल्या मोडमध्ये चालते आणि कोणत्या आवृत्तीत आली किंवा बदलली ते दिलेलं असतं. डिफॉल्ट कळणं फार मोलाचं, कारण 'शो रनिंग-कॉन्फिग'मध्ये बहुतेक डिफॉल्ट दिसतच नाहीत. ते पाहायला 'शो रनिंग-कॉन्फिग ऑल' लागतं. दोन कंपन्यांचे डबे समोरासमोर आले की हेच न दिसणारे डिफॉल्ट घात करतात. साधं उदाहरण बीजीपीचं. होल्ड टाइम, म्हणजे शेजारी गप्प असताना किती वेळ वाट पाहायची ते, सिस्कोचा १८० सेकंद, जुनिपरचा ९०. दोघांत कमी असेल तो ठरतो, म्हणून तिथे बिघडत काही नाही. एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचं, मात्र तसं नाही, आणि तुमच्याकडे सिस्को-जुनिपर दोन्ही असल्यामुळे हे नीट समजून घ्या.

समजा एका टोकाला सिस्कोचा आयओएस एक्सई राउटर, दुसऱ्या टोकाला जुनॉस, आणि जंबो फ्रेमसाठी (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) दोन्हीकडे एमटीयू ९००० टाकला. पिंग चालतो. पण ओएसपीएफचे (राउटरांनी आपसात मार्ग कळवायचा प्रोटोकॉल) शेजारी एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या मधल्या अवस्थांत अडकून बसतात, फुल होत नाहीत. नेटवर शोधलं की पहिल्या पाच मिनिटांत उत्तर मिळतं: 'आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर' टाका. टाकलं की शेजारी फुल, सगळे खूश. मग काही दिवसांनी बॅकअप मध्येच थांबतो, मोठी फाइल अर्ध्यात लटकते, आणि दोष सर्व्हरवाल्याच्या माथी जातो.

खरं कारण दोन्ही कंपन्यांच्या कागदात उघड लिहिलेलं आहे. आयओएस एक्सईमध्ये इंटरफेसचा एमटीयू इथरनेट हेडर सोडून मोजतात. जुनॉसमध्ये १४ बाइटचं हेडर धरून मोजतात, म्हणूनच त्याच्या इथरनेट पोर्टचा डिफॉल्ट १५१४ असतो. तेव्हा जुनॉसवर ९००० टाकलं की आयपीसाठी ८९८६ च उरतात. आता ओएसपीएफचं मानक पाहा, आरएफसी २३२८, साल १९९८. त्यात स्पष्ट आहे की शेजाऱ्याने डेटाबेस डिस्क्रिप्शन पाकिटात सांगितलेला एमटीयू आपल्या झेपेबाहेर असेल तर ते पाकीट नाकारायचं. म्हणजे ओएसपीएफ बिघडलं नव्हतं, ते तुम्हाला सावध करत होतं. एमटीयू-इग्नोरने ती सूचना तेवढी बंद झाली, तफावत तशीच राहिली.

दुरुस्ती एवढीच: जुनॉसवर ९०१४ टाका, व्हीएलएन टॅग असेल तर ९०१८, आणि 'शो इंटरफेसेस'मध्ये आयनेटचा, म्हणजे आयपीचा, एमटीयू ९००० आला का ते बघा. मग न तुटणारा मोठा पिंग मारून खात्री करा. इथेही कागद लागतोच. सिस्कोच्या पिंगमध्ये 'साइझ' म्हणजे आयपी हेडरसकट पूर्ण पाकीट, तर जुनॉसच्या पिंगमध्ये फक्त आतला डेटा. त्यामुळे तीच चाचणी सिस्कोवर ९००० ची आणि जुनॉसवर ८९७२ ची होते, कारण २० बाइट आयपीचे आणि ८ पिंगच्या आयसीएमपी हेडरचे. हे ठाऊक नसेल तर नीट चाललेली लिंकसुद्धा बिघडलेली वाटेल.

हे इतकं लांबवलं कारण एआय चॅटला विचारून मिळालेल्या कमांडचंही असंच आहे. उत्तर आत्मविश्वासाने येतं, पण दोन आवृत्त्यांची, कधी दोन कंपन्यांची कमांड एकत्र करून येतं. विचारा जरूर, दिशा मिळते. पण डब्यावर टाकण्याआधी तुमच्याच आवृत्तीच्या कमांड रेफरन्समध्ये ती कमांड सापडली पाहिजे. ऐकीव उत्तर आणि कागद यांत फरक असेल तर कागद मानायचा.

गाइडमधली उदाहरणं जशीच्या तशी उचलू नका. १९२.०.२.०, १९८.५१.१००.० आणि २०३.०.११३.० हे आयपी पत्त्यांचे तीन /२४ पट्टे आरएफसी ५७३७ ने केवळ कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवले आहेत. बीजीपीचे ६४४९६ ते ६४५११ हे एएस क्रमांकही (नेटवर्कची ओळख सांगणारे) तसेच. जुन्या कॉन्फिगमध्ये यातलं काही दिसलं तर समजा, कुणीतरी ते न वाचता चिकटवलेलं आहे. तो भाग आधी तपासा.

लॉगमधला मेसेज शोधताना पूर्ण ओळ टाकू नका. 'लिंक-३-अपडाउन' एवढाच तुकडा घ्या, वेळ आणि पोर्टचं नाव गाळा. मधला आकडा गांभीर्याचा, ० सर्वांत वाईट, ७ म्हणजे डीबग. तापमानाचे मेसेज आले तर मात्र सॉफ्टवेअरचं गाइड सोडून डेटाशीट उघडा. इमारतीत लावायच्या बऱ्याच स्विचची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा त्यापुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद कपाटाची तर गोष्टच वेगळी.

अपग्रेडच्या आधी रिलीज नोट्स वाचायच्या, आणि ज्या आवृत्तीवर जायचंय तेवढ्याच नाही, मधल्या सगळ्यांच्या. बदललेले डिफॉल्ट, काढून टाकलेल्या कमांड, सुटलेले आणि न सुटलेले बग तिथे असतात. न सुटलेल्यांची यादी शेवटपर्यंत वाचा, तुम्ही वापरता ते फीचर त्यात आहे का बघा. कॅटॅलिस्ट ९००० मालिकेच्या नोट्समध्ये अपग्रेड चालू असताना स्विचची वीज बंद करू नका असा स्पष्ट इशारा आहे, कारण कधी कधी बूटलोडरही (डबा सुरू करणारा छोटा प्रोग्राम) त्यातच बदलला जातो. मे-जूनमध्ये वादळ सुटलं की आपल्याकडे वीज जाते हे तुम्हाला सांगायला नको. यूपीएसची बॅटरी खरंच टिकते का ते आदल्या आठवड्यात तपासा आणि मगच रात्र ठरवा.

आता १७.९.४ए. १६ ऑक्टोबर २०२३ ला सिस्कोने आयओएस एक्सईच्या वेब यूआयमधली (ब्राउझरमधून डबा चालवायचं पान) एक त्रुटी जाहीर केली. गांभीर्य १० पैकी १०, आणि हल्ले आधीच सुरू झालेले. त्या दिवशी दुरुस्त सॉफ्टवेअर नव्हतं. सूचनापत्रात उपाय एकच होता, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस सर्व्हर बंद करा. 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर', 'नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर', दोन ओळी. २२ ऑक्टोबरला १७.९.४ए आली. मधल्या दिवसांत त्याच पत्रात दुसऱ्या त्रुटीची भर पडली. म्हणून सूचनापत्र एकदा वाचून फाइल करायचं नसतं, तळाशी बदलांचा इतिहास असतो तो पुन्हा पुन्हा पाहायचा. तुमच्या शीटमध्ये १७.९.४ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल आणि वेब यूआय चालू असेल तर बाकी वाचन थांबवा, आजच त्या दोन ओळी टाका. वेब यूआय कुणी वापरत असेल तर त्याला तसं सांगून टाका, पण टाका.

सिस्को आयओएस आणि आयओएस एक्सईच्या त्रुटींचा एकत्रित गठ्ठा वर्षातून दोनदा काढतं, साधारणपणे मार्च आणि सप्टेंबरच्या चौथ्या बुधवारी. कॅलेंडरवर खूण करा. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट नाही म्हणून हात टेकू नका. त्यांच्या सूचनापत्रातच लिहिलेलं असतं की कॉन्ट्रॅक्ट नसलेल्यांनी उपकरणाचा सीरियल नंबर आणि त्या पत्राचा दुवा देऊन टॅककडे (सिस्कोचं तांत्रिक मदत केंद्र) दुरुस्त आवृत्ती मागावी. लहान कारखान्यांमध्ये हे फार कमी लोकांना माहीत असतं. गाइड आणि रिलीज नोट्स वाचायला तर बहुतेक वेळा लॉगिनही लागत नाही. बग शोधायच्या टूलला लागतं, ते खातं फुकट काढून ठेवा.

मायक्रोटिकसाठी एकच सावधगिरी. नेटवर सापडणारा त्यांचा जुना विकी राउटरओएस या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या सहाव्या आवृत्तीच्या काळातला आहे, नवीन मदत-पानं सातवीची. सातवीत राउटिंग मुळातूनच बदललं, बीजीपीची 'पीअर' जाऊन 'कनेक्शन' आली, त्यामुळे जुन्या पानावरची कमांड नव्या डब्यावर चालणारच नाही. चेंजलॉगमध्ये उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी महत्त्वाच्या बदलांच्या असतात, निदान तेवढ्या वाचाच. आणि राउटरओएस अपग्रेड झालं म्हणजे राउटरबोर्डचं फर्मवेअर झालं असं नाही, ते वेगळं करावं लागतं.

जुनॉसची एक गोष्ट मला मनापासून आवडते: मॅन्युअलचा बराच भाग डब्यातच आहे. 'हेल्प टॉपिक', 'हेल्प रेफरन्स', आणि नाव आठवत नसेल तर 'हेल्प अप्रोपोस'. इंटरनेट बंद असतानाही चालतं. तिथेच 'कमिट कन्फर्म्ड' वाचून घ्या: १० मिनिटांत तुम्ही पक्कं केलं नाही तर जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं. मायक्रोटिकचा सेफ मोड आणि सिस्कोचं 'रीलोड इन' त्याच कामाचे. घरून बदल करताना लिंक तुटली तर रात्री वर्धा रोडने गाडी काढावी लागत नाही.

बाकी डब्यांसाठी कागद लॅपटॉपवरच हवेत. लाइन पडते तेव्हाच मॅन्युअल लागतं, आणि तेव्हाच ते उघडायला नेट नसतं. मॉडेलच्या नावाचं फोल्डर, आत आवृत्तीच्या नावाचं, त्यात रिलीज नोट्स, कमांड रेफरन्स आणि रिकव्हरीचं प्रकरण एवढं पुरे. अपग्रेड झालं की नवीन फोल्डर काढा, जुनं तसंच ठेवा, मागे यायची वेळ आली तर लागेल.

एवढं करून अडलंच तर 'शो व्हर्जन' आणि अडलेल्या भागाचं कॉन्फिग इथे टाका, मी पाहतो. टाकण्याआधी सीरियल नंबर, पब्लिक आयपी, एसएनएमपीची कम्युनिटी (देखरेखीसाठीचा परवलीचा शब्द) आणि पासवर्डच्या सगळ्या ओळी काढा. विशेषतः टाइप ७ चे पासवर्ड, ते कुणीही क्षणात उलगडतो.