वीस वर्षांनंतरही शरीर का दुखते?

"घटनेला वीस वर्षे झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, मग दुखते कशाने? की हे माझ्या मनाचेच खेळ आहेत?" अमेरिकेतील माजी सैनिक महिलांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. पंचेचाळिशीच्या ज्या बाईंनी तो सर्वांत स्पष्ट शब्दांत विचारला, त्यांच्याविषयी मी त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी आपली खुर्ची दाराकडे वळवून घेतली आणि संपूर्ण तासभर गाडीच्या किल्ल्या मुठीत धरून ठेवल्या. विशीत असताना लष्करी तळावर एका वरिष्ठाने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. तक्रार त्याच माणसाच्या हाताखालून वर जाणार असल्याने त्यांनी ती केलीच नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोरच हजेरीला उभ्या राहिल्या. सैन्यातील अत्याचाराचे हे वेगळेपण मला आजही अस्वस्थ करते, कारण तिथे राहण्याची, कामाची आणि दाद मागण्याची जागा एकच असते आणि नोकरी सोडून निघून जाण्याची मुभाही नसते.

पुढे ओटीपोटातील दुखणे, मायग्रेन, पोटाच्या सततच्या तक्रारी, उडालेली झोप आणि चाळिशीत सुरू झालेला रक्तदाब असे एकेक मागे लागत गेले आणि प्रत्येकासाठी वेगळा डॉक्टर झाला. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे व्हीएमध्ये, सेवाकाळातील लैंगिक अत्याचार किंवा छळाविषयी प्रत्येकाला विचारले जाते आणि तिथे सुमारे तीनपैकी एक महिला 'हो' असे उत्तर देते. या बाई मात्र व्हीएची पायरीच चढल्या नव्हत्या. गणवेशाशी संबंधित काहीही त्यांना नको होते.

मी त्यांना मूठ उघडायला सांगितले. तळहातावर किल्लीचे दाते उमटले होते आणि आपण इतके आवळून धरले आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असेच वर्षानुवर्षे आवळलेले राहिले, तर सोनोग्राफीत काही दिसणार नाही, पण दुखेल मात्र नक्की, हे त्यांना त्या क्षणी पटले. धोका टळल्यावरही शरीर पहाऱ्यावरच राहिले, तर ताणाशी निगडित संप्रेरकांची लय बिघडू शकते, झोप मोडते, आतड्यांची आणि वेदनेची संवेदनशीलता वाढते. यात कल्पनेचा भाग नाही.

परंतु याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे, आणि ती आम्हा समुपदेशकांकडूनही होते. प्रत्येक दुखण्याचे खापर जुन्या घटनेवर फोडले, तर छातीतील दुखणे किंवा अवेळी होणारा रक्तस्राव अंगावर काढला जातो. म्हणून मी त्यांना शेवटची पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी, कधी झाली, असे विचारले. अकरा वर्षे झाली होती. टेबलावर आडवे व्हायचे, पाय बांधल्यासारखे वर ठेवायचे आणि वर कोणीतरी "सैल सोडा" म्हणणार, हे त्यांना सहन होत नव्हते.

तेव्हा आम्ही दोघींनी मिळून डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी लिहिली. घडलेल्या घटनेचे वर्णन त्यात नव्हते; महिला डॉक्टर हवी, प्रत्येक कृती आधी सांगावी, लहान उपकरण वापरावे आणि मी हात वर केला की थांबावे, एवढेच होते. अशी मागणी करण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. शिवाय 2024 पासून अमेरिकेत एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूच्या तपासणीसाठीचा नमुना दवाखान्यात स्वतःच घेण्यास मान्यता मिळाली आहे, हेही मी त्यांना सांगितले.

"तेव्हा तक्रारच केली नव्हती, आता कोण विश्वास ठेवणार?" हा त्यांचा दुसरा अडसर होता. सेवाकाळातील लैंगिक अत्याचाराशी संबंधित शारीरिक आणि मानसिक उपचार व्हीएमध्ये मोफत मिळतात आणि त्यासाठी तक्रारीची नोंद किंवा पुरावा दाखवावा लागत नाही. नुकसानभरपाईचा दावा ही वेगळी प्रक्रिया आहे. या दोन्हींची गल्लत झाल्याने किती जणी उपचारांपासून दूर राहतात, हे पाहून मला फार वाईट वाटते. व्हीएच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात या कामासाठी एक समन्वयक नेमलेला असतो. पहिला फोन बाईंनी माझ्यासमोर बसूनच केला.

तपासणीच्या वेळी त्यांनी एकदा हात वर केला आणि डॉक्टर थांबल्या. दोन मिनिटांनी बाईच म्हणाल्या, "आता चालेल." ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी अजून सुरू आहे आणि तिथले दुखणे महिन्यातील काही दिवसांपुरते उरले आहे. मायग्रेन मात्र फारसा कमी झालेला नाही. त्याचे औषध बदलून पाहण्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ त्यांनी स्वतःच घेतली आहे.